पाचवा गोल

“चारच गोल होते म्हणतोस. मग पाचवा कुणी काढला?”

“त्या पोरीनं, गुरुजी. हातानं. पेननं.”

“आणि?”

“आणि तोच काळा केला!”

मल्लिनाथ हत्तुरे मोठ्यानं हसला. रेवणाप्पा गुरुजी हसले नाहीत. मठाच्या मागच्या बाजूला, वांग्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसून ते सुंभाचा गुंता सोडवत होते.

गुरुजींनी आयुष्यभर गावच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवली आणि नोकरी संपल्यावर ते मठात राहायला आले. लोक त्यांना अर्धे स्वामी समजायचे. ते स्वतःला पूर्ण माळी समजायचे.

मल्लिनाथ त्यांच्याच हाताखाली मुळाक्षरं शिकलेला. आता तो तालुक्याचा परीक्षाप्रमुख होता. मोठा माणूस झाला होता, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

सरकारी शाळांमधल्या हुशार मुलांसाठी तालुक्याला एक खास वर्ग मिळाला होता. पाचवीपासून पुढे. शिकवायला निवडक शिक्षक, राहणं-खाणं फुकट. जागा तीस. चौथीच्या तीनशे चाळीस मुलांनी परीक्षा दिली होती आणि आज दुपारी बाराला यादी लागणार होती. लावण्याआधी ती गुरुजींच्या पायांवर ठेवावी म्हणून मल्लिनाथ सकाळी सातलाच मठात आला होता.

“प्रश्न कुठला होता?” गुरुजींनी विचारलं.

“सतरावा. मीच काढलेला. शंभर फुटांचं सरळ कुंपण, दर दहा फुटांवर एक खांब, तर खांब किती? पर्याय आठ, नऊ, दहा, बारा. बाईसाहेबांनी पाचवा गोल काढला आणि शेजारी लिहिलं, अकरा.”

“हं...”

“उत्तरपत्रिकेवर जास्तीची एक रेघ जरी दिसली तरी पत्रिका बाद. हा नियम मीच केला. का, ते तुम्हाला माहीत आहे.”

गुरुजींना माहीत होतं. मागच्या वर्षी पुढाऱ्यांच्या पोरांनी पत्रिकांवर ओळखीच्या खुणा केल्या होत्या, आणि त्या खुणांनीच निम्म्या जागा भरल्या होत्या. मल्लिनाथनं ते सगळं बंद पाडलं. त्यासाठी शिव्या खाल्ल्या, बदलीच्या धमक्या ऐकल्या. त्याचा तोरा अगदीच फुकटचा नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

“बाकीचं काय लिहिलंय तिनं?”

मल्लिनाथ जरा घुटमळला.

“बाकीचं... बरं आहे. पन्नासातले सेहेचाळीस बरोबर.”

“म्हणजे कितवी?”

“बाद झाली नसती तर तिसरी.”

“नाव?”

“सगुणा मदने. मेंढपाळाची पोर. तिच्या बाईंचे तीन फोन आले. म्हणे, पाऊस सरला की त्यांचं सगळं घर कळपामागं बाहेर पडतं. इथं राहायची सोय झाली तर पोरगी शिकेल, नाही तर मेंढ्यांमागं जाईल. मला वाईट वाटलं, गुरुजी. खरंच वाटलं. पण नियम म्हणजे नियम.”

सुंभाची शेवटची गाठ सुटली. गुडघ्यांवर हात देऊन ते उठले.

“शेळीनं वांगी ठेवली नाहीत बघ. ह्या बाजूला कुंपण घालायचंय. घालतोस का?”

“आत्ता?”

“बाराला वेळ आहे की.”

मल्लिनाथनं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. गुरुजींना नाही म्हणायची सवय त्याला पहिलीपासूनच लागली नव्हती.

“वाफा पन्नास फूट आहे,” गुरुजी म्हणाले. “पाच-पाच फुटांवर खांब रोव. ही काठी पाच फुटांची. खांब खोपटात आहेत. लागतील तेवढे आण.”

मनातल्या मनात भागाकार करायला मल्लिनाथला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही. खोपटातून तो दोन खेपांत मोजून दहा खांब घेऊन आला आणि ते ओळीनं मांडले.

पहिला खांब त्यानं वाफ्याच्या अगदी टोकाला रोवला. मग काठी आडवी टाकली, पहारीनं भोक पाडलं आणि दुसरा रोवला. माती कडक होती. तिसऱ्या खांबाला घाम आला, पाचव्याला शर्ट बाहेर आला, आणि सातव्याला तळहाताला फोड आला. गुरुजी मागून एकेका खांबाला सुंभाचा वेढा देत येत होते.

दहावा खांब रोवून मल्लिनाथ ताठ उभा राहिला आणि त्यानं हात झटकले.

“झालं, गुरुजी.”

मठाची शेळी इतका वेळ लांब उभी राहून हे सगळं बघत होती. ती आरामात चालत आली, दहाव्या खांबाला वळसा घातला आणि पलीकडून वाफ्यात शिरली.

मल्लिनाथ बघतच राहिला.

दहाव्या खांबापासून वाफ्याच्या टोकापर्यंत मोकळी जागा होती. चांगली पाच फूट.

“काठी लांब-आखूड आहे काय?” तो म्हणाला.

“मोजून बघ.”

त्यानं मोजलं. खांब ते खांब, एकूण एक गाळा मोजला. सगळे पाच फुटांचेच होते. सुरुवातीपासून दहाव्या खांबापर्यंत भरले पंचेचाळीस फूट.

“खांब कुठं पडला काय, माझ्या हातून?”

“नाही. दहाच्या दहा उभे आहेत.”

गुरुजींनी शेळीला कानाला धरून बाहेर काढलं. मग सुंभाचं मोकळं टोक हातात घेऊन ते वाफ्याच्या शेवटाला गेले, सुंभ ताणला आणि खांबासारखे उभे राहिले.

कुंपण पुरं झालं. शेळीनं एकदा गुरुजींकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

मल्लिनाथनं पहिल्या खांबाकडे बोट केलं. मनात मोजत तो एकेका खांबावरून बोट पुढं नेत आला. दहाव्यावर थांबला. मग गुरुजी.

अकरा...

पिशवीतून त्यानं प्रश्नपत्रिका काढली. सतरावा प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. शंभर फूट, दर दहा फुटांवर एक. त्यानं स्वतः काढलेला प्रश्न, तिघा जाणत्या माणसांनी तपासलेला. सगळ्यांनी भागाकार केला होता. कुंपण कुणीच घातलं नव्हतं.

“गुरुजी, उत्तर अकराच आहे.”

गुरुजी खांब होते. खांब बोलत नाहीत.

“आणि अकरा मी दिलाच नव्हता. चारातला एकही बरोबर नव्हता. सगळ्यांनी दहा काळा केला आणि मी त्यांना गुण दिले. तिनं... मेंढ्यांच्या वाड्याला रोज संध्याकाळी जाळी लावत असेल ती. मेखा ठोकत असेल. एक मेख कमी पडली तर काय होतं, तिला ठाऊक आहे. आणि मी तिला खूण करणारी म्हटलं.”

तो मातीतच बसला. इस्त्रीची पँट मळली, त्याचं त्याला काही वाटलं नाही.

ऊन खांबांवर चढलं.

गप्प राहणं सोपं होतं. सतरावा प्रश्न पुन्हा कुणी वाचणार नव्हतं, आणि मेंढपाळ काही अर्ज घेऊन कचेरीत येणार नव्हता. बोललं तर उद्या सगळ्या तालुक्यात हसं होणार होतं. परीक्षाप्रमुखाला खांब मोजता येत नाहीत म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळे दात काढतील. शिव्या खाल्लेल्या माणसाला शिव्यांचं काही वाटत नाही. हसण्याचं वाटतं.

गुरुजी उन्हात सुंभ धरून उभे होते. त्यांनी सुंभ सैल सोडला नाही.

मल्लिनाथनं यादी काढली. गुरुजींच्या पायांवर ठेवायला आणली होती, ती त्यानं मधोमध फाडली.

“आज यादी लागणार नाही,” तो म्हणाला. “सतरावा प्रश्न रद्द. तिची पत्रिका बाद नाही; ती खूण नव्हती, उत्तर होतं. तीनशे चाळीस पत्रिका मी पुन्हा तपासतो. चूक माझी, असं साहेबांना लिहून देतो. त्या बाईंना आधी फोन करतो. नाही... मदन्यांच्या वाड्यावर मीच जातो.”

गुरुजींचे डोळे निवले. त्यांनी मान हलवली, तेवढीच.

मल्लिनाथला हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी इतकं हलकं वाटलं. पण तो हिशेबी माणूस होता. उठता उठता त्याचा पाय अडखळला.

“पण गुरुजी, जागा तीसच आहेत. तेवढ्याच मागितल्या होत्या मी. ती आत आली की तळातलं एक पोर बाहेर जाणार. कुणाचं तरी लेकरू. त्यानं काय केलंय? आणि यादीबाहेर राहिलेली बाकीची? तिच्यासारखी आणखी असतील, ती मला दिसलीसुद्धा नसतील. तीस जागांत मी कुणाकुणाला बसवू?”

गुरुजींनी सुंभाचं टोक त्याच्या फोड आलेल्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला झाले. आता टोकाला मल्लिनाथ उभा होता.

“खोपटात खांबांचा ढीग आहे, मल्लू. लागतील तेवढे आण, म्हणालो होतो... दहाचा आकडा तुझा.”