दादाचा दहावा

“वहिनी, हे बंडल इथं कुणी ठेवलं?”

“मीच, भावजी. सगळे केव्हाची वाट बघतोय, कावळा शिवंना. त्यांचा जीव बिडीतच अडकलाय.”

डॉक्टर आव्हाडांनी थोरल्या भावाच्या पिंडाशेजारचं बिडीचं बंडल उचललं आणि खिशात घातलं. ऊन डोक्यावर आलं होतं, सगळ्यांना भुका लागल्या होत्या आणि समोरच्या उंबरावर कावळे निवांत बसले होते. त्यांना कसली आलीय घाई.

“ह्या बिडीनंच दादाला नेलं,” डॉक्टर म्हणाले. “फुप्फुसांची चाळण केली त्याच्या. आणि तीच आता नैवेद्याला?”

डॉक्टर घाटाच्या पायरीवर बसलेल्या शिवगीर बुवांकडे वळले. लहानपणी मठात ह्याच बुवांनी त्यांचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती.

“बुवा, तुम्ही तरी सांगा ह्यांना. शेजारच्या जिल्ह्यांत कॅन्सरनं मरणारे कमी होताहेत, आपल्याकडे आकडा हलत नाही. बिडी-तंबाखू सोडवायचं काम माझ्याकडे. गावोगाव फलक लावले, पोरांच्या फेऱ्या काढल्या, बोलून बोलून घसा बसला. आणि माझ्याच घरात…”

माणूस पार थकला होता.

“दादाला सांगायचास?”

“रोज. फोन लावला की पहिलं तेच. बिडी सोड.”

“तो काय म्हणायचा?”

“शेवटी शेवटी फोनच उचलायचा नाही.”

“आणखी काय बोलायचात दोघं?”

डॉक्टरांचा हात खिशातल्या बंडलावर गेला.

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. डॉक्टरांच्या खिशातलं बंडल काढून त्यांनी आपल्या झोळीत टाकलं आणि दंड धरून त्यांना पिंडासमोर उभं केलं.

“हात जोड.”

कावळा शिवेना की घरचं माणूस असंच पुढं होतं आणि गेलेल्याला शब्द देतं. तुझ्या लेकरांचं मी बघतो, घोर करू नको. डॉक्टरांनी हे कितीदा पाहिलेलं.

त्यांनी हात जोडले.

“दादा…”

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

“दादा, तू तेव्हाच माझं ऐकून बिडी…”

बुवांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“बिडीशी पुष्कळ बोललास, बाळ,” बुवा म्हणाले. “आता दादाशी बोल.”