बोटभर आमटीची कहाणी

ऐक गं साचाईमाते, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला वळसा घालून नदी वाहत होती, नदीकाठी साचाईचं देऊळ होतं. देवळाचा एक गुरव होता. देवीचा नैवेद्य गुरवाच्या घरी शिजे, आणि त्यावरच त्या घराचं पोट चाले. गुरवाला दोन सुना. थोरली गोजरा, धाकटी सारजा. गोजरेला दोन लेकी होत्या. सारजेला आठवा महिना सरत आला होता, आणि तिचा नवरा राजाच्या चाकरीला दूर मुलखी गेला होता.

त्या घरचा नेम मोठा कडक. नैवेद्य शिजवणारीनं चाखू नये. मीठ हाताच्या अंदाजानं घालावं, तिखट डोळ्यांच्या अंदाजानं घालावं, गूळ मनाच्या अंदाजानं घालावा. गोजरेचा अंदाज कधी चुकला नव्हता. त्याचा तिला थोडा ताठाही होता. असतो, बायांनो, नाही कशाला म्हणा?

एके वर्षी काय झालं? श्रावणाच्या तोंडावर राजाची एकुलती एक लेक तापानं पडली. तीन दिवस झाले, डोळे उघडीना. वैद्य झाले, अंगारे झाले, धुपारे झाले. मग राणीनं साचाईला पुरणाचा नैवेद्य बोलला. म्हणाली, "पहिल्या सोमवारी मी स्वतः येते. देवीनं नैवेद्य घेतला तर माझी लेक वाचेल."

सोमवार उजाडला. गोजरा न्हाली, सोवळं नेसली, चुलीपाशी बसली. सारजा पाट्यावर पुरण वाटू लागली. पोळ्या झाल्या, भात झाला, कटाची आमटी उकळू लागली. गोजरेनं मिठाच्या भांड्यात हात घातला, तोच बाहेरून सासूनं हाक मारली, "गोजरे, केळीची पानं कुठं ठेवलीस गं?" गोजरेनं सांगितलं. मग आमटीकडे वळली, तर आठवेना. मीठ घातलं की नाही?

हात पाहिला, कळेना. भांडं पाहिलं, कळेना. घातलेलं असून पुन्हा घातलं तर आमटी खारट. राहिलेलं असून तसंच वाढलं तर आमटी अळणी. प्रसाद जायचा राणीच्या ताटात. दारात सनई वाजायला लागली. मग गोजरेनं काय केलं? इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मीठ बरोबर होतं. हसू नका, बायांनो. तुमच्यातल्या कितीजणींनी लावलंय ते देवीला ठाऊक.

आता खरं तर आमटी ओतायची, नवी करायची. पण राणीची पालखी दारात आली. सासऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "बाई, नैवेद्य उष्टा नाही ना?" गोजरा म्हणाली, "नाही, मामंजी." दुसऱ्यांदा विचारलं, "नाही." तिसऱ्यांदा विचारलं, "नाही हो, नाही." तिसऱ्या खेपेला तर तिला थोडा रागच आला. खोटं बोलणाऱ्याला येतोच.

मग ताट देवीपुढं ठेवलं. गुरवानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देवीनं घेतलं, डावं पडलं तर नाकारलं.  डावं फूल पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावं पडलं. तिसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा डावं पडलं. गुरव म्हणाला, "राणीसाहेब, नैवेद्य उष्टा आहे."

राणी उठून उभी राहिली. "चुलीपाशी कोण होतं?" दोघी जावा होत्या. सगळ्यांनी सारजेकडे पाहिलं. पोटुशी बाई, तिलाच भूक लागली असणार! सासू म्हणाली, "गोजरे, तू पाहिलंस?" गोजरेच्या मनात आलं, आपण खरं बोललो तर घर जाईल, नैवेद्य जाईल, नवरा टाकील. ती म्हणाली, "चाखताना नाही पाहिलं, आत्याबाई. पण हिचं तोंड हलत होतं."

सारजा म्हणाली, "तोंडात चिंच होती माझ्या. डोहाळ्यांची चिंच होती." कुणी ऐकलं नाही. राणीनं गोजरेला विचारलं, "देवीपुढं सांगतेस?" गोजरा म्हणाली, "देवीपुढं सांगते." मग राणीनं हुकूम केला, "माझी लेक डोळे उघडीपर्यंत हिनं नदीतल्या बेटावर राहावं." बेटावर एक पडकं खोपटं होतं. नावाड्यानं सारजेला तिथं सोडलं. सारजेनं नावेतून मागं वळून पाहिलं, ते गोजरेकडेच पाहिलं.

मग दुसरा सोमवार आला. राजाच्या लेकीचा ताप उतरेना. नदी चढायला लागली. इकडे गोजरेच्या जिभेची चव गेली. गूळ खाल्ला, माती लागे. मिरची खाल्ली, माती लागे. घास घोळवून घोळवून टाकून देई. पाण्याला गेली, तिथं पाच बायका ओंजळीत तांदूळ घेऊन बसल्या होत्या. गोजरेनं विचारलं, "बाई बाई, कसला वसा वसता?"

त्या म्हणाल्या, "साचाईचा वसा वसतो. तुला सांगून काय होईल? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील." गोजरा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." मग त्या म्हणाल्या, "श्रावणातल्या सोमवारी उपास करावा. फूल नको, वात नको. ज्याच्याशी खोटं बोललो त्याच्या दारी जावं, तोंडावर ते खोटं परत घ्यावं, मग घास घ्यावा."

गोजरेनं वसा घेतला. त्याच दिवशी शेजारणीकडे गेली, म्हणाली, "तुमचं सूप हरवलं म्हणाले होते, ते माझ्याच माळ्यावर आहे." शेजारीण दोन शब्द बोलली, पण सूप घेऊन आत गेली. गोजरा घरी आली, जेवायला बसली. भाताला भाताची चव लागली. गोजरेला हायसं वाटलं. वाटलं, सुटले. अशी बाई, सुपावर सुटायला निघालेली!

तिसरा सोमवार आला. नदी आणखी चढली. नावाडी सारजेला शिधा पोचवून आला, तो म्हणाला, "बाईचे दिवस भरत आलेत, आणि खोपट्याला ओल चढलीय." गोजरेनं ते ऐकलं. मग काय केलं? देवळात गेली, दार लोटून घेतलं, देवीच्या कानाशी लागली. म्हणाली, "माते, आमटी मीच चाखली. झालं? आता सारजेला वाचव."

देवी बोलती झाली. म्हणाली, "बोटभर आमटी मला का जड होती? तू 'चाखलं' म्हणाली असतीस तर मी हसून जेवले असते. माझ्याशी खोटं बोललीस ते परत घेतलंस, बरं केलंस. पण सारजेवर आळ घातलास, ते काय माझ्या कानात सांगायचं होतं?" गोजरेनं कान झाकून घेतले. घरी आली, पान वाढून घेतलं, पहिला घास उचलला. घास गिळवेना. पाण्याबरोबर ढकलला, तरी गिळवेना. त्या दिवसापासून अन्न सुटलं.

चौथा सोमवार उजाडला. पाऊस धो धो लागला. गोजरा धावत घाटावर गेली. नावाडी नाव बांधून बसला होता. म्हणाला, "खोपट्यात पाणी शिरलं. दुपारपर्यंत बेट राहायचं नाही." गोजरा म्हणाली, "मग नाव काढ की रे, दादा!" तो म्हणाला, "राणीसाहेबांच्या हुकमाशिवाय काढली तर माझी मान जाईल."

मग गोजरा ओल्या लुगड्यानिशी वाड्यात शिरली. राणी लेकीच्या उशाशी बसली होती. गोजरेनं पाय धरले. म्हणाली, "राणीसाहेब, सारजा पोर आहे, चुकली, तिला माफ करा." राणी म्हणाली, "माझ्या लेकीला कोण माफ करतंय?" आणि तोंड फिरवलं. हे पाहा, बायांनो, जीव जायची वेळ आली तरी ही चूक सारजेचीच म्हणत होती.

गोजरा उठली, दारापर्यंत गेली, परत आली. म्हणाली, "राणीसाहेब, मला नीट दिसलं नव्हतं. तोंड हलत होतं की नव्हतं, कुणास ठाऊक." राणी म्हणाली, "तुला दिसलं नसेल. पण नैवेद्य तर कुणीतरी उष्टावला ना?" बाहेर पाण्याचा आवाज वाढला. गोजरेला घेरी आली. डोळ्यांपुढं लेकी आल्या, नवरा आला, चूल आली. मग ती म्हणाली, "मी चाखली."

राणी म्हणाली, "पुन्हा बोल." गोजरा म्हणाली, "मी चाखली." राणी म्हणाली, "सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल." दासी आल्या, शिपाई आले, गोजरेला शोधत गुरव आला, सासू आली. गोजरा म्हणाली, "आमटी मी चाखली. सारजेनं पुरण वाटण्यापलीकडे काही केलं नाही. मी तिच्यावर आळ घातला." सासूनं कपाळावर हात मारून घेतला. राणी म्हणाली, "तिला आणा, आणि हिला तिच्या जागी टाका." गोजरा म्हणाली, "टाका, राणीसाहेब. पण नाव आधी काढा, मी वल्ह्याला बसते."

नाव सुटली. पाणी तांबडं, झाडं उपटून येताहेत, नाव एकदा गरकन फिरली. नावाडी म्हणाला, "मागं फिरू?" गोजरा म्हणाली, "नको." खोपट्याचं नुसतं आढं वर राहिलं होतं. शेजारच्या खडकावर सारजा बसली होती, गुडघाभर पाण्यात, आणि पदरात गुंडाळलेलं तान्हं छातीशी धरलं होतं. पहाटेच बाळंत झाली होती, एकटी. गोजरेनं पाण्यात उडी घेतली, माय-लेकीला धरून नावेत घातलं. नाव निघते न निघते, तोच वाड्यावर नगारा वाजला. राजाच्या लेकीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. राणीचा हुकूम तिथंच सरला, बेटावर कुणाला राहायचं कारण उरलं नाही.

पण गोजरेला त्या नगाऱ्याचं काही नव्हतं. ती सारजेपुढं बसली, म्हणाली, "सारजे, मी चाखली होती. सगळ्यांपुढं सांगून आले." सारजा म्हणाली, "मला ठाऊक होतं. चुलीशी आपण दोघीच होतो, आणि मी चाखली नव्हती. एवढंच सांगा, जाऊबाई. त्या दिवशी का नाही बोललात?"

गोजरेच्या ओठांवर आलं, माझ्या लेकींसाठी. सोपं होतं, कुणालाही पटलं असतं, सारजेलाही पटलं असतं. गोजरेनं ते गिळलं. म्हणाली, "भ्याले. तू गेलीस तर मी वाचते, एवढंच मनात आलं. लेकी मला नंतर आठवल्या."

सारजेनं तान्हीच्या तोंडावरचं पाणी पुसलं. अर्धी नदी ओलांडली. गोजरा मान खाली घालून बसली. मग सारजा म्हणाली, "माझा तुमच्यावर राग आहे. जाईल तेव्हा गेला म्हणेन, आधी म्हणणार नाही." आणि तान्ही तिच्यापुढं धरली. "तोवर हिला घ्या. पहाटेपासून धरून माझे हात भरून आलेत."

तर साचाईमाते, गोजरेला तू जसं खरं बोलायचं बळ दिलंस, तसं आम्हांला दे, आणि पाणी चढायच्या आधी दे. ऐकणारीला दे, सांगणारीला दे, दाराआडून ऐकतेय तिलाही दे. ही साठां बोलांची कहाणी, पाचां बोलीं सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.