न लिहिलेला घसारा

एका राज्यात माणसं झिजत होती, आणि दोष सगळा राजाचा होता. दैवाचा नाही, ग्रहांचा नाही, झिजणाऱ्यांचा तर नाहीच. धवलकेतू राजाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिथली थोर मंडळी अजूनही ‘काळच तसा होता’ म्हणत पान लावत बसतात.

छत्तीस वर्षांपूर्वी राजा गादीवर आला, त्याच दिवशी त्याने दप्तरदार भैरोजीला बोलावलं. भैरोजी हिशेबनीस होता, आणि मांत्रिकही.

“भैरोजी, नफ्यातून दरसाल हे काय कापता?”

“घसारा, महाराज. वस्तू वापरली की झिजते. जेवढी झीज, तेवढी रक्कम वहीत लिहायची आणि बाजूला ठेवायची. जुनी वस्तू मेली की त्यातून नवी घ्यायची.”

“आमची वस्तू मरणार? लिहू नका.”

“न लिहिल्याने झीज थांबत नाही, महाराज. फक्त दुसरीकडे जाते.”

“कुठे?”

“ज्याचा हात वस्तूला लागेल, त्याच्याकडे.”

“मग जाऊ द्या की,” राजा म्हणाला.

भैरोजीने मंत्र म्हटला आणि वहीतलं घसाऱ्याचं पान शेजारच्या पानाला चिकटवून टाकलं.

त्या दिवसापासून राजवाड्याच्या पायऱ्यांच्या कडा काल घडवल्यासारख्या धारदार राहिल्या, आणि चढणाऱ्यांचे तळवे पातळ होत गेले. तलवारी लखलखत राहिल्या, शिपायांच्या हातांवरच्या रेषा पुसल्या. आधी बोटांवरच्या रेषा जात, मग बोटं, मग नाक-तोंड, आणि त्यांच्याबरोबरच नाव. नावही एकदम जात नसे, मागून एकेक अक्षर जाई. नाव संपलेल्या माणसाला पाडव्याच्या दिवशी, वह्या बदलताना, मोडीत काढत. राजवाड्यामागे एक कोरडी विहीर होती. पूर्वी मोडकं सामान तिच्यात टाकत. आता सामान मोडतच नव्हतं.

वडीलधाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. राजाने प्रत्येकाला एकेक न फाटणारं उपरणं दिलं होतं. ते खांद्यावर टाकून ते दरबारात बसत आणि नफा दुप्पट झाला की माना डोलावत. उपरणी धुवायची ती सुनांनी आणि नातवंडांनी.

त्या राज्यात ठकू नावाची एक बाई जात्यांना टाकी लावायची. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करायचं, हा तिचा धंदा. राजाची जाती गुळगुळीत होईनात, धंदा बसला. म्हणून तिची धाकटी बहीण अनसूया राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दळायला लागली.

पाडव्याला चार दिवस उरले असताना अनसूया घरी आली. दोन्ही हात मनगटापर्यंतच उरलेले. रक्त नाही, जखम नाही. नदीतल्या गोट्यासारखी गोल टोकं.

“अनसू...” ठकूने हाक मारली आणि तिची जीभ अडकली.

“पुढचं अक्षर गेलं, अक्का,” बहीण शांतपणे म्हणाली. “सकाळी दुसरी पायली दळताना.”

ठकू चुलत्याकडे धावली. “तात्या, तुम्ही दरबारात बसता. बोला ना!”

तात्यांनी उपरण्याची घडी नीट केली. “तुमच्या पिढीला काही सोसवतच नाही. आमच्या वेळी...”

“तुमच्या वेळी बोटं होती, तात्या,” ठकू म्हणाली आणि उंबऱ्यावरून परतली.

परतताना ती राजाच्या बागेवरून गेली, तिथे एक सुतारपक्षी बसला होता. त्याची चोच झिजून हरभऱ्याएवढी उरली होती.

“झाड त्याचं, चोच माझी,” पक्षी म्हणाला. “तू ठोकणारी, मीही ठोकणारा. म्हणून सांगतो. चिकटलेलं पान तीन आकड्यांनी सुटतं. वस्तू केवढ्याला पडली, किती वर्षं जगते, आणि मेल्यावर तिचे किती येतात. एका वस्तूचं खरं सांग, बाकीच्यांचं वही स्वतः लिहील.”

“मी जात्याचं सांगेन. अनसू दळते त्या जात्याचं.”

“तर काळ्या खाणीत जा. तिथला प्रतिध्वनी कुठलाच सौदा विसरत नाही. पण पहिल्या आकड्यावर निघू नकोस. मागितलेली किंमत वेगळी, पडलेली वेगळी.”

पहिल्या दिवशी ठकू काळ्या खाणीच्या तोंडाशी उभी राहिली आणि ओरडली, “राजाचं जातं केवढ्याला?”

खाणीतून मेलेल्या माणसांचे आवाज आले.

“पन्नास होन.”

“तीस. दगडच तो.”

“धनी, काढताना माझा भाऊ खाली सापडला.”

“मग अडतीस. भावाचे धरून.”

मग कुणीतरी अडतीस नाणी मोजली. दुसरी कुणी बाई असती तर तेवढ्यावर निघाली असती. ठकू थांबली. गाडीचं चाक कुरकुरलं आणि तिसरा आवाज म्हणाला, “राजवाड्यापर्यंत पोचवायचे दोन होन.”

“चाळीस,” ठकू म्हणाली. खाण गप्प झाली.

घरी तिने हाक मारली तेव्हा तोंडातून ‘अन’ एवढंच निघालं. बहीण दिवसभर मनगटांनी दळून आली होती, तिचं नाक सपाट होत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठकू नदी ओलांडून परमुलखात गेली. त्याच दगडातून कापलेलं दुसरं जातं तिथे एका म्हातारीकडे होतं, हे धंद्यामुळे तिला ठाऊक होतं. मंत्राचा अंमल नदीपलीकडे नव्हता. जात्याची वरची तळी भाकरीएवढी पातळ झाली होती. म्हातारीच्या दहाही बोटांना सुरकुत्या होत्या, आणि ठकू जात्याऐवजी त्या बोटांकडेच बघत राहिली.

“काय बघतेस गं? कधी बोटं पाहिली नाहीस?”

“बऱ्याच दिवसांत नाही, आजी. जातं कधी आणलं?”

“लग्नात. तुमचा राजा गादीवर आला त्याच साली. छत्तीस वर्षं झाली.”

ठकूने तळीवर अंगठा फिरवला, छिन्नीने हलकेच टिचकी दिली आणि कान लावला. हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

“आजी, आजचं दळण शेवटचं.”

म्हातारीने मूठभर ज्वारी घातली. तीन फेरे झाले आणि तळी मधोमध उकलली. छत्तीस वर्षं.

घरी आता फक्त ‘अ’ उरला होता. बहिणीच्या तोंडाची रेघ मिटली होती. डोळे तेवढे होते, आणि ते ठकूवरून हलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ठकू विहिरीत उतरली. खाली मोडीत काढलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. चेहरे अंड्यासारखे. ती श्वास घेत होती, कशाने ते कळत नव्हतं. त्यांत जात्यावर झिजलेलीही होती. जात्यातलं जे जायचं ते त्यांच्यातून गेलं होतं, म्हणून जात्याचे मोडीत किती येतील ते त्यांनाच माहीत होतं.

“जातं मेलं तर दगडाचे किती येतील?” ठकूने विचारलं.

सांगायला तोंड नव्हतं, दाखवायला बोटं नव्हती. मग एक जण उठून उभा राहिला. मग दुसरा. मग एक बाई. मग चौथा. पाचवं कुणी उठलं नाही.

“चार,” ठकू म्हणाली. चौघं पुन्हा बसली.

पाडव्याच्या दिवशी भर दुपारी दरबारात वही उघडली. एका कोपऱ्यात यंदा मोडीत काढायची माणसं रांगेत उभी होती, त्यांत ‘अ’ही होती. राजाने नफ्याचा आकडा लिहिला, तोच ठकू पुढे झाली.

“महाराज, आकडा खोटा आहे.”

भैरोजी हसला. “कुठल्या पाठशाळेची गं तू?”

“अर्ध्यातून उठले. तिथे गुरुजी घसाऱ्याचं पान वगळून शिकवत होते.” ती वहीकडे वळली. “जातं पडलं चाळीस होनांना. मेल्यावर चार येतील. चाळीसातून चार गेले, राहिले छत्तीस. आयुष्य छत्तीस वर्षं. वर्षाला एक होन.”

कुणीतरी हसलं. “एक होन?”

“हो. एका होनासाठी दर साली बोटं घेतलीत.”

वहीचं चिकटलेलं पान कातडी सोलल्यासारखा आवाज करत सुटलं. राजाने लिहिलेली शाई कागदावरून उलटी वाहिली आणि बोरूत चढली. दरबारातल्या कुणालाच सावली उरली नाही, कारण सूर्य माथ्यावर थांबला होता. जमेची आणि खर्चाची बाजू जुळल्याशिवाय जुनं वर्ष संपत नसतं.

भैरोजीने बोरू ठकूपुढे धरला. “तूच लिही, पोरी. कुणीही लिहिलं तरी चालतं. बहिणीचं शेवटचं अक्षर किती वेळ टिकेल?”

ठकूने बोरू घेतला. अंगठ्यावरच्या रेषा पुसट होऊ लागल्या. तिने बहिणीच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे जोरात मिटले, नाही म्हणाल्यासारखे. ठकूने बोरू वहीवर ठेवला.

“वस्तू ज्याची, हात त्याचा.”

“आणि आम्ही नाही लिहिलं तर?” राजाने विचारलं.

“तर हे वर्ष संपणार नाही. पुढच्या वर्षाचा नफाही येणार नाही.”

दयेने काही झालं नाही, लाजेने तर नाहीच. पुढच्या वर्षाचा नफा ऐकून राजाने बोरू उचलला.

त्याने जात्याचा पहिला होन लिहिला. मग वही त्याचा हात ओढू लागली. पायऱ्या, तलवारी, समया, बागेतली झाडं, तात्यांचं उपरणं, छत्तीस वर्षांचं सगळं. ओळीगणिक हात आखूड होत होता, तरी बोरू थांबत नव्हता. बाहेर पायऱ्यांच्या कडा गोल झाल्या. मुदपाकखान्यात जातं उकललं. तात्यांच्या खांद्यावरून चिंध्या खाली पडल्या आणि ते प्रथमच म्हातारे दिसले. विहिरीतून माणसं वर आली. त्यांना नाकं होती, तोंडं होती, आणि ती तोंडं आपापली नावं मोठ्याने म्हणून बघत होती.

सूर्य हलला. सावल्या पडल्या.

“अनसूया!” ठकूने हाक मारली. चारही अक्षरं पोचली.

“ओरडतेस कशाला, अक्का? इथंच आहे,” अनसूया म्हणाली आणि दहा बोटं डोळ्यांपुढे धरून मोजू लागली.

भैरोजीने त्याच दिवशी दप्तराच्या किल्ल्या टाकल्या. तेव्हापासून त्या राज्यात दरसाल घसारा लिहितात, पैसा बाजूला पडतो, वस्तू म्हाताऱ्या होतात आणि मरतात, आणि नव्या येतात. ठकूने बाजारात दुकान टाकलं. अनसूया छिन्नी धरायला शिकली.

राजाचा उजवा हात मनगटापर्यंत गेला.