ठकूबाईच्या फणसाचा ओंडका

घाटाच्या पायथ्याशी निवळखोल नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला देवराई, आणि देवराईच्या तोंडाशी सहजनाथ महाराजांची धुनी. या धुनीची रीत महाराजांनीच घालून दिली होती. रोज एका घराने एक ओंडका आणायचा आणि तो जळेपर्यंत त्या घरच्यांनी महाराजांच्या शेजारी बसायचे. बाकी गाव भोवती बसे. ज्याचा ओंडका, त्याची विचारपूस होई, मनातले चार शब्द बाहेर पडत.

ठकूबाई ओढ्यापलीकडे एकटी राहत असे. नवरा जाऊन वर्षे लोटली होती, मूलबाळ नव्हते. परसात एक बरका फणस होता. तो फळत होता तोवर वैशाखात तिच्या दारी माणसे असत. मग झाड वाळले, आणि ओढा ओलांडायला कोणाला कारणच उरले नाही. दिवसचे दिवस ती कोणाशी बोलत नसे. कोंबड्यांना नावाने हाक मारी, तेवढाच काय तो घरात आवाज. खरे सांगू का, ती धुनीवर येई ती महाराजांसाठी जितकी, तितकीच माणसांसाठी. महाराजांना त्यात काही वावगे वाटत नसे.

मार्गशीर्षात ओंडका आणायची तिची पाळी आली. वाळलेला फणस तिने तोडून घेतला होता. वरचे पांढरे लाकूड वाळवीने खाल्लेले, म्हणून तिने ते सोलून टाकले आणि आतला पिवळाजर्द गाभा फोडून त्यातले एक ढलपे डोक्यावर घेऊन आली. लुगडेही धुतलेले नेसली होती. आज आपल्याशी कोणी बोलेल, एवढीच त्या माउलीची आस.

धुनीपाशी देवराईचा मानकरी धोंडजी बसला होता. लाकूड ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा त्याचा तोरा. त्याने ढलप्यावर नख ओढले आणि तोंड वाकडे केले.

"ह्यो हेदाच्या झाडाचा हाय. देवराईतला. एवढं पिवळं लाकूड दुसरं कशाचं आसल?"

भोवतीची माणसे मागे सरकली. देवराईतली वाळकी काडीही कोणी उचलत नसे. उचलली, तर ते घर वाळीत पडे आणि धुनी त्याला कायमची बंद होई.

"न्हाय रं बाबा," ठकूबाई म्हणाली, "माझ्या परसातला फणस हाय ह्यो."

"तुझा फणस? त्यो कवाच वाळवीनं खाल्ला. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग चला की माझ्या घरी. बुंधा हाय अजून. दाखवते."

कोणी उठले नाही. धोंडजी हसला. "थेरडीला घरी पाव्हणं हवंत," तो म्हणाला, आणि त्याच्यासोबत आणखी काही जण हसले. ठकूबाई ढलपे उराशी धरून तशीच उभी राहिली. तिला फार एकटे वाटले.

महाराजांनी मान वर केली. "ठकूबाईंच्या परसात शेवटचे कोण गेले होते?"

जो तो आपल्या पायांकडे पाहू लागला.

"मग अग्नीलाच विचारू," महाराज म्हणाले. "देवराईचे असेल, तर दोष माझा." त्यांनी ढलपे तिच्या हातातून घेतले आणि धुनीत ठेवले.

आधी नुसता धूर आला. मग त्या धुरातून पिकलेल्या फणसाचा वास सुटला. फणसांवर कोवळी कुयरीही धरली नव्हती, असा तो महिना! तरी भर वैशाखातल्यासारखा गोड, दाट वास अंगणभर पसरला. म्हातारी माणसे डोळे पुसू लागली. कोणाच्या घरी ठकूबाईच्या परसातले गरे गेले नव्हते?

धोंडजीची आई तो लहान असतानाच गेली होती. त्या दिवसांत ठकूबाईने त्याला मांडीवर घेऊन याच झाडाचे गरे भरवले होते. वास नाकात शिरला आणि त्याला ती मांडी आठवली. तो मोठा माणूस, पण सर्वांदेखत रडला.

महाराजांनी ठकूबाईला शेजारी बसवले. ढलपे जळाल्यावर त्यांनी चिमट्याने राख सारली, तर आत फणसाच्या बिया, भाजलेल्या आठळ्या! त्यांनी प्रसाद म्हणून त्या सर्वांना वाटल्या. एक मात्र आगीतून निघूनही कच्ची आणि ओली होती. ती त्यांनी धोंडजीच्या हातावर ठेवली.

"नखाने लाकूड पारखलेस ना? आता त्याच नखांनी खळगा कर. जागा ठकूबाई दाखवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडजी ओढा ओलांडून गेला. परसात पिवळा बुंधा उघड्यावर उभा होता. बुंध्याशेजारी उभ्या ठकूबाईने जागा दाखवली, तिथे गुडघे टेकून त्याने हातांनी माती उकरली, आठळी पुरली आणि तिथूनच वळून ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"काकी, माजं चुकलं. पानी घालाया मी येत जाईन."

आठळी रुजेल का, हे ठकूबाईने विचारले नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"रोज येशील?" तिने विचारले.