एकच रेघ

पेटीतली हत्यारं बोलत असत, त्या काळची गोष्ट. वादळात दीपगृहाची काच फुटली. संध्याकाळी दिवा लागायलाच हवा होता, आणि काचकाम करणाऱ्या इद्रिसचाचांकडे एकच काच उरली होती.

त्यांनी लाकडी पट्टीवर पेन्सिलीने माप घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि काच कापायचा हिरा काढला. लाकडी मुठीच्या टोकाला बसवलेला तो खडा जेमतेम मोहरीएवढा होता.

पेन्सिल म्हणाली, "आपण दोघं एकाच कार्बनचे. मग मान तुलाच का?"

"मान कसला? एकदाच रेघ ओढायची. दुसऱ्यांदा फिरवलं तर काच भलतीकडे तडकते."

चाचांनी श्वास रोखून हिरा फिरवला. बारीक किरकिर झाली. अंगठ्यांनी दाबताच काच रेघेवर सरळ सुटली.

पेन्सिलीने हळूच विचारलं, "जमिनीखाली एवढ्या दाबात तू केलंस तरी काय?"

"पळायला जागा नव्हती. मग माझ्या कणाकणाने चारी बाजूंच्या शेजाऱ्यांचे हात धरले. ते अजून सोडलेले नाहीत."

संध्याकाळी दिवा लागला. समुद्रावरच्या नाखव्यांना उजेड दिसला, काच कुणालाच दिसली नाही.

"मला दिसतेय," चाचांच्या कानामागून पेन्सिल म्हणाली.