पांढऱ्या पानांची जांभूळ

एका गावात एक भोळा गडी होता आणि त्याच गावात एक फोटो स्टुडिओ होता. दोघांची गाठ पडेपर्यंत गावाचं बरं चाललं होतं.

गड्याचं नाव सर्जेराव. नाव भारदस्त, पण सगळे त्याला सर्जाच म्हणत. सर्जा कामाला वाघ. खोटं बोलणं त्याला ठाऊक नव्हतं आणि सांगितलेलं तो तंतोतंत ऐकायचा. हेच त्याचं दुखणं होतं. दूध डेअरीवर लागला तेव्हा मालक म्हणाला, "किटली हातातून सोडायची नाही." सर्जा संध्याकाळी किटली घेऊन घरी आला. किटलीसकट जेवला, किटलीसकट झोपला. सकाळी दूध नासलं आणि नोकरी गेली. मग पिठाच्या गिरणीत लागला. गिरणीवाला म्हणाला, "मी येईपर्यंत गिरणी बंद करू नकोस," आणि मेव्हण्याच्या लग्नाला गेला. तो परत आला तेव्हा दळण केव्हाच संपलं होतं आणि गिरणीचे दगड एकमेकांना दळत बसले होते. तीही नोकरी गेली.

सर्जाची बायको हौसा. तिनं पदर खोचून सांगितलं, "निवृत्तीअण्णा स्टुडिओत ठेवून घेतो म्हणालेत. ही नोकरी गेली तर म्या म्हायेरला जाईन. मग बसा एकटं भिताडाकडं बघत."

हौसा दिवसभर सर्जाला बोलायची, पण तिचं बोलणं कानावर पडलं नाही तर त्याला भाकर गोड लागत नसे. तो म्हणाला, "अण्णा सांगतील तेवढंच करीन. माझी अक्कल चालवायचीच न्हाई."

"तेवढं करा," हौसा म्हणाली.

निवृत्तीअण्णांची कंबर धरली होती. कॉम्प्युटरपुढं त्यांना बसवत नव्हतं. ते खाटेवर पडून सांगायचे आणि सर्जा करायचा. आश्चर्य म्हणजे हात त्याचा चांगला बसला. माउस धरला की फोटो असा सफाईनं करायचा की अण्णा तोंडात बोट घालत. फक्त काय करायचं ते सांगावं लागे, आणि कुठं थांबायचं तेही. अण्णा नेमकं हे दुसरं विसरायचे.

त्या दिवसांत स्टुडिओत एक मोठं काम आलं होतं. टेकडीवरच्या शेवंताकाकींनी आपल्या मळ्यात शहरातल्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. त्यांना वेबसाइटवर टाकायला फोटो हवे होते. सगळ्यांसारखे नकोत, काहीतरी वेगळं पाहिजे, असं काकींचं म्हणणं. फोटो चालले, पाहुणे आले, तर वर्षभराचं काम अण्णांना मिळणार होतं.

अण्णांकडे एक इन्फ्रारेड कॅमेरा होता. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा उजेड तो टिपायचा. हिरवं पान तो उजेड परत फेकतं, म्हणून फोटोत पांढरंशुभ्र येतं. आभाळ फेकत नाही, म्हणून काळं येतं. अण्णांनी कंबर आवळून मळ्याचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर उघडले, तर सगळा मळा लालेलाल.

"असंच येतं पहिल्यांदा," अण्णा म्हणाले. "सगळं लाल दिसलं की लाल आणि निळ्याची अदलाबदल करायची. मनाशी खूणगाठ बांध."

मनाला गाठ कुठं मारायची ते सर्जाला कळेना. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलाला मारली.

मग त्यानं लाल-निळ्याची अदलाबदल केली. अंगणातली जांभूळ बर्फात न्हाल्यासारखी पांढरी झाली. अण्णांनी आभाळ आणखी गडद करायला लावलं. फोटो असा देखणा झाला की अण्णांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी लग्नाचे फोटो आले. नवरीचा शालू लाल, मुंडावळ्या लाल, मंडप लाल, कपाळावर मळवट लाल. अण्णा झोपले होते. सर्जानं टॉवेलाची गाठ चाचपली आणि अदलाबदल केली.

संध्याकाळी नवरीचा बाप अल्बम काखेत मारून आला. म्हणाला, "अण्णा, माझी पोरगी निळी कशी पडली? सासरचे इचारत्यात, नागीण डसली का काय."

अण्णांनी सर्जाकडं पाहिलं. सर्जा म्हणाला, "सगळं लाल दिसलं, अण्णा. तुमीच म्हनला हुता."

"आरं, ते त्या कॅमेऱ्याच्या फोटोला." अण्णांनी फोटो पुन्हा नीट करवून घेतले, बापाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. सर्जाला ते फारसं रागावले नाहीत. नवा आहे, शिकेल, म्हणाले. माणूस भला होता, पण आपल्या पायाखाली काय जळतंय ते त्याला दिसत नव्हतं.

मग काकींचे फोटो वेबसाइटसाठी तयार करायची वेळ आली. अण्णा म्हणाले, "वेबसाइटचा फोटो लहान करायचा. मोठा ठेवला तर उघडेपर्यंत बघणारा म्हातारा होतो. आणि मधोमध आडवं आपल्या स्टुडिओचं नाव टाकायचं, म्हणजे कुणी उचलून नेणार नाही."

सर्जानं टॉवेलाला दुसरी गाठ मारली. फोटो लहान केले, नाव टाकलं, वेबसाइटवर चढवले. एकही चूक नाही.

त्याच दुपारी वरच्या आळीतल्या म्हातारबाबांच्या फोटोला फ्रेम करायची होती. बाबा नुकतेच गेले होते. अण्णांनी फोटो आधीच मोठा आणि स्वच्छ करून ठेवला होता. छापून काचेत बसवायचा, एवढंच काम. अण्णा दवाखान्यात कंबर शेकायला गेले आणि सर्जाला वाटलं, फोटो फार मोठा आहे.

तेराव्याला पाटावर भली थोरली फ्रेम ठेवली गेली. आत मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढे बाबा, आणि बाबांच्या नाकावरून आडवं 'मंगल फोटो स्टुडिओ'. हार घातला तर बाबाच झाकले जात. लोक पाया पडायला वाकत आणि आधी नाव वाचत.

बाबांची म्हातारी स्वतः स्टुडिओत आली. सर्जानं तिला समजावलं, "आजी, नाव न्हाई टाकलं तर कुणी उचलून नेईल."

म्हातारी म्हणाली, "उचलून न्यायचं ते नेलं की रं लेकरा आमीच."

यावेळी अण्णा रागावले. म्हणाले, "तो फोटो मी तयार करून ठेवला होता. एकदा तयार झालेल्या फोटोला हात लावायचा नाही. जग इकडचं तिकडं झालं तरी नाही. कळलं?"

"कळलं," सर्जा म्हणाला, आणि ही गाठ त्यानं जरा करकचून मारली.

पण अण्णांची कंबर काही सुटेना आणि काम काही थांबेना. काकींच्या मळ्याचे आणखी फोटो काढले होते, त्यांत मधोमध पांढरा चट्टा उठला होता. "ही या कॅमेऱ्याची खोडच आहे," अण्णा म्हणाले. "मधे पांढरं चमकताना दिसलं की शेजारचं थोडं उचलायचं आणि त्यावर ठेवायचं. झाकून जातं." सर्जानं शेजारची पानं उचलली, चट्ट्यावर ठेवली. चट्टा गेला. मधे काही होतं असं सांगूनही पटलं नसतं.

लगेच सरपंच भगवानतात्यांचा वाढदिवस आला. त्यांचा बायकोबरोबरचा फोटो फ्लेक्सला हवा होता. तात्यांना पुरतं टक्कल, आणि फोटो भर उन्हातला. सर्जानं फोटो उघडला तर मधोमध काहीतरी पांढरं चमकत होतं.

शेजारी सरपंचीणबाई होत्या. सर्जानं शेजारचं उचललं.

सकाळी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. गावाचे लाडके नेते हात जोडून हसत उभे, डोक्यावर घसघशीत अंबाडा आणि अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. काम इतकं सफाईदार होतं की परगावचे लोक म्हणाले, या गावात सरपंच आणि उपसरपंच दोघी बहिणी दिसतात. तात्यांनी त्या दिवशी टोपी काढली नाही. जेवतानाही नाही.

अण्णा तसेच कंबर धरून स्टँडवर गेले, फ्लेक्स उतरवून आणला आणि खाटेवर बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थंड होता. "सर्जा, खरं जसं आहे तसंच फोटोत दिसायला पाहिजे. फोटोत आणि खऱ्यात तिळाएवढा फरक नको. आता आणखी एक घोळ घातलास तर उद्यापासून येऊ नकोस."

"मग परवापासून येऊ?"

"परवाही नको. कधीच नको."

सर्जाला ते समजलं. घरी गेला तर हौसानं पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून दारात ठेवलेली. गजऱ्याची बातमी तिच्यापर्यंत आली होती. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून सर्जाला जेवण गेलं नाही. टॉवेलाच्या गाठी कुरवाळत तो उंबऱ्यावर बसून राहिला.

पुढं अण्णा कंबरेच्या इलाजासाठी साताऱ्याला गेले. जाताना स्टुडिओची किल्ली सर्जाला दिली आणि म्हणाले, "मी येईपर्यंत काही करू नकोस." सर्जा दार उघडून खुर्चीवर बसला आणि खरंच काही केलं नाही. आला दिवस सुखाचा गेला.

मग शेवंताकाकी धापा टाकत आल्या.

"सर्जा, अण्णा कुठायत? माझी इज्जत जायची पाळी आलीय. आरं, शहरातनं पावण्यांचा फोन आला. येबसाइट बघून पोरंबाळं घिऊन निघाल्यात. बाई मला इचारती, 'काकी, फोटोत आहे अगदी तसंच आहे ना तिकडं?' म्या म्हणलं, अगदी तसंच, माझा मळा हाय, मला म्हाईत न्हाई व्हय? मग नातवानं फोनवर फोटो दाखवला. पांढरी झाडं आन काळं आभाळ. माझी जांभूळ हिरवीगार, बाबा. उद्या येऊन बघतील आन म्हणतील म्हातारी लबाड हाय. तू तो फोटो हिरवा कर."

"तयार झालेल्या फोटोला हात लावता येत न्हाई," सर्जा म्हणाला. "जग इकडचं तिकडं झालं तरी न्हाई."

"मग काढून तरी टाक."

"तो बी हातच झाला, काकी."

काकी कपाळाला हात लावून गेल्या. सर्जा बसून राहिला. काकींचं काम गेलं की अण्णांचं वर्ष गेलं, अण्णांचं वर्ष गेलं की आपली नोकरी गेली, आणि नोकरी गेली की दारातली पेटी उचलली गेली. एवढं त्याला सरळ दिसत होतं. त्यानं टॉवेल मांडीवर घेतला. एक गाठ सांगत होती, फोटोला हात लावायचा नाही. दुसरी सांगत होती, फोटोत आणि खऱ्यात तिळाएवढा फरक नको.

सर्जानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची अक्कल चालवली. फोटोला हात लावायचा नाही, मग हात लावायला उरलं काय? खरं.

तो उठला, दार ओढून घेतलं आणि घरी आला. म्हणाला, "हौसा, पेटी राहू दे. चुना कालवायचाय. कामाला चल."

नवरा इतक्या ठाम आवाजात कधी बोलला नव्हता. हौसानं पेटी बाजूला सारली आणि बादली घेतली.

दुसऱ्या दिवशी काकी पहाटेच पाहुण्यांना आणायला स्टँडवर जाऊन बसल्या. दुपारी पाहुण्यांची गाडी आली तशीच साताऱ्याची एसटीही आली, आणि तिच्यातून अण्णा उतरले, कंबरेला पट्टा बांधून. काकींनी त्यांनाही गाडीत घेतलं. वाटेत काकी कानात सगळं सांगू लागल्या तसा अण्णांचा चेहरा उतरत गेला. टेकडी जवळ आली. काकींना राहवेना. खोटं घेऊन पाहुणचार करायची त्यांना सवय नव्हती. त्या पुढं वाकून म्हणाल्या, "बाई, एक सांगायचं राहून गेलं. फोटोत दिसतंय तसं काही माझ्याकडं..."

गाडी वळणावरून आत वळली.

जांभूळ पांढरी होती. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, पान न् पान. मेंदीचं कुंपण पांढरं, रामफळ पांढरं, अंगणातलं गवत पांढरं. शेळीही निम्मी पांढरी होती, कारण ती गवतातून हलायला तयार झाली नव्हती. कुंपणाला आंबा फवारायचा पंप टेकवून ठेवला होता आणि त्यातून अजून चुना ठिबकत होता. फक्त तुळस हिरवी होती. तिथं हौसा आडवी आली असणार.

पाहुणी बाई गाडीतून उतरली आणि जागीच थबकली. "किती सुंदर," ती हळूच म्हणाली. "अगदी फोटोतल्यासारखं." पोरं गवतात धावली आणि गुडघ्यापर्यंत पांढरी होऊन आली. पाहुण्यांनी फोनवर फोटो काढायला सुरुवात केली.

काकींनी अर्धं बोललेलं वाक्य गिळून टाकलं. अण्णांनी जांभळीकडं पाहिलं, पंपाकडं पाहिलं आणि कंबरेवरचा हात काढला. चुना काय, धुऊन जाईल, ते मनात म्हणाले. काम वाचलं. सर्जाचा पगार वाढवावा की त्याला घरी पाठवावं, हे काही त्यांना ठरवता येईना.

एवढ्यात बाईनं फोनमधला वेबसाइटचा फोटो समोर धरला. एकदा फोनकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं. म्हणाली, "काकी, झाडं तशीच आहेत. पण फोटोत आभाळ काळं आहे. इथं तर निळंच दिसतंय."

काकींनी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी आभाळाकडं पाहिलं. तेव्हा त्यांना सर्जा दिसला.

घराच्या कौलांवर शिडी उभी होती. शिडीच्या शेवटच्या पायरीवर सर्जा टाचा उंचावून उभा होता, एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्या हातात बांबूला बांधलेला कुंचा. खाली कौलांवर हौसा दोन्ही हातांनी शिडी धरून होती.

"तेच काम चाललंय, बाई," सर्जा वरून म्हणाला. "जरा दम धरा. शिडी पुरंना झालीय."

हौसानं मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी त्याला बोलली. "म्या सकाळपास्नं सांगतीया, शेजारची बी शिडी आणा म्हणून. ऐकतील तर शपथ."