भैरूची सरळ दोरी

ओढ्यापलीकडच्या गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहायचा. 'जरा थांब हं' म्हणून कुणी गेलं, तर हा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा.

भैरू नाना गुळव्यांच्या गुऱ्हाळावर कामाला होता. नानांची धाकटी लेक सुगंधा त्याला आवडायची, तिलाही तो आवडायचा. नाना म्हणाले, "आधी अक्कल दाखव, मग पोरगी."

नानांनी त्याला भिंतीपाशी नेलं. "हे बघ. जितक्या घागरी रस, तितकं उजवीकडं सरकायचं. जितक्या ढेपा गूळ, तितकं वर. तिथं कोळशानं ठिपका. रोजचे ठिपके झाले की मधोमध सरळ दोरी ताणायची. मग रस बघून गूळ सांगता येतो."

भैरू हरखला. शहरात ह्याच विद्येवर लोक पगार खातात, आणि त्याला ती फुकटात मिळाली.

नानांच्या थोरल्या लेकीला बाळ झालं होतं. त्याच्यासाठी पाळणा करून आणायला नानांनी भैरूला पिटाळलं. भैरूनं बाळाचे महिने आणि उंची मांडली, दोरी ताणली, ती आढ्याला टेकली. त्यानं बैलगाडीएवढा पाळणा करून आणला.

"हे काय रे?"

"पोरगं विशीत माडाएवढं होणार, नाना!"

"आणि विशीत पाळण्यात झोपणार? अरे टोणग्या, ठिपके संपले की दोरी थांबवायची! पुढं जायचं नाही!"

"बरं," भैरू म्हणाला.

पुढं एकदा ऊस असा रसाळ निघाला, की एवढा रस आजवर कुणी पाहिला नव्हता. नाना बाजाराला गेलेले. भैरूनं भिंतीकडं पाहिलं. एवढ्या रसाचा ठिपकाच नव्हता. त्यानं जास्तीचा रस शांतपणे ओढ्यात ओतला.

नानांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! एखादा दिवस जगावेगळा निघतो! असला एकटा ठिपका सोडून द्यायचा आणि बाकीच्यांवर चालायचं! शिरलं का डोक्यात?"

"शिरलं."

नाना आता पोरगी द्यायलाच तयार नव्हते. पण सुगंधा हटून बसली. "भोळा आहे, पण सांगितलेलं मोडत नाही. करीन तर ह्याच्याशीच!" शेवटी एकदाचं लग्न लागलं. नवरीला घेऊन गाडी निघाली, हाकायला खुद्द नवरदेव.

गाडीत सगळे हसत होते, गात होते. सुगंधा मात्र माहेरासाठी मुसमुसत होती. वेशीवरच्या मारुतीच्या पाया पडायला ती खाली उतरली. गाण्याच्या नादात कुणाचं लक्ष नव्हतं. भैरूनं गाडी हाकली.

दारात आई तांदळाचं माप मांडून, आरती घेऊन उभी. "अरे, सून कुठाय?"

"सोडली वेशीवर. सगळे हसत होते, ती एकटीच रडत होती."

"मेल्या! आता माप कोण ओलांडणार?"

"बाकीच्यांवर चालायचं, आई," भैरू म्हणाला. मग त्यानं उजव्या पायानं माप लवंडलं, आणि लाजत, खाली मान घालून स्वतःच घरात शिरला.